शेवटचे स्टेशन : गोंदिया

महाराष्ट्र एक्सप्रेसच्या डब्यावर 'गोंदिया' हे नाव पुण्या-साताऱ्याकडच्या बहुतेकांनी वाचलेले असते. परंतु ते नाव वाचणारे जितके, त्या मानाने तिथवर जाऊन उतरणारे फारच थोडे. गाडी कोल्हापूरहून निघते आणि महाराष्ट्राच्या या टोकाकडून त्या टोकाला जाऊन थांबते. आपल्याकडच्या माणसाचा प्रवास मात्र फार तर नागपूरपर्यंत. पुढचे गोंदिया म्हणजे गाडी धुण्याचे, इंजिन बदलण्याचे कुठलेसे स्टेशन असावे, अशीच आपली समजूत!

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी या गाडीने शेवटपर्यंत गेलो. निमित्त एका जुन्या विद्यार्थिनीचे. ती मूळची गोंदियाची, ख्रिस्ती कुटुंबातली. एम. ए. च्या वर्गात मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकवत असे तेव्हा ती पहिल्या बाकावर बसे. आता पुण्यातच एका शाळेत शिकवते. ती एकदा म्हणाली, "सर, टिळकांना आगगाडीत साहेब भेटला हा भाग तुम्ही दरवर्षी रंगवून सांगता. पण ती गाडी आमच्या गावावरून गेली होती, हे कधी वर्गात आलं नाही. या एकदा गोंदियाला. आजोबा तुम्हांला तो रस्ता दाखवतील. त्यांनी त्याच रस्त्यावर गार्डाची नोकरी केली आहे." असे आमंत्रण कोण नाकारणार?

या गाडीच्या वाटेवर मराठी ख्रिस्ती जीवनाचा निम्मा इतिहास ओळीने मांडून ठेवला आहे, हे मला प्रवासातच उमगले. सातारा येते. तिथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' उभारला. पुणे सोडल्यावर केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. मध्यरात्री केव्हातरी अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. 'ज्ञानोदय' 1842 साली तिथूनच सुरू झाला आणि टिळकांच्या आयुष्याची बरीच वर्षे तिथे गेली. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर नागपूर. तिथे 1845 साली स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी आले. गोंड लोकांविषयी त्यांनी टिपणे करून ठेवली. आजही त्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात उभे आहे.

नागपूर सोडले की देश बदलतो. काळी जमीन मागे राहते आणि बांधाबांधांनी कापलेली धानाची शेते सुरू होतात. तुमसर रोड मागे पडल्यावर गाडी वैनगंगेच्या पुलावर आली. उन्हे उतरली होती. नदीचे पात्र रुंद, पाणी शांत. पलीकडे मुंडीकोटा, तिरोडा, गंगाझरी अशी स्टेशने. शेतांत हलके धान कापून पडले होते, भारी धान अजून उभे होते. डब्यातल्या बोलण्याचा सूरही आता बदलला होता. मराठीत हिंदी मिसळत होती, मधूनच पोवारी कानावर येत होती, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक गोड 'जी' येत होता.

गोंदिया हे गाव रेल्वेने वाढवले. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूरहून पूर्वेकडे जाणारा मार्ग रुंद करून पुढे नेला. मग विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे आणि चांद्याकडे छोट्या गाड्या सुटू लागल्या आणि गोंदिया मोठे जंक्शन बनले. त्या छोट्या गाड्या आता गेल्या, रूळ रुंद झाले. परंतु जंक्शनचा स्वभाव गावाला कायमचा लागला आहे. गुजराती, मारवाडी, सिंधी, बंगाली, आंध्रातले, छत्तीसगडचे, असे सगळे इथे उतरले आणि राहिले. सभोवती पोवार, कुणबी, गोंड यांची गावे. पूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. 1 मे 1999 रोजी आठ तालुक्यांचा वेगळा गोंदिया जिल्हा झाला. बाहेरच्या माणसाला जिल्हा ओळखीचा वाटतो तो नागझिऱ्यामुळे आणि नवेगावबांधमुळे. नवेगावचे ते जंगल मारुती चितमपल्लींनी आपल्या घराघरांत आणून ठेवलेच आहे. गावात मात्र जंगल नाही. तिथे तांदळाच्या गिरण्या आहेत, कोंड्याचा वास आहे आणि पोत्यांनी लादलेले ट्रक आहेत.

काकाजी मला घ्यायला स्वतः फलाटावर आले होते. काकाजी म्हणजे विद्यार्थिनीचे आजोबा. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, मनगटावर जुने घड्याळ. गाडी थांबताच त्यांनी आधी घड्याळ पाहिले, मग मला पाहिले. "बारा मिनिटं लेट," ते म्हणाले, "या जी सर!"

घर रेल्वेच्या वसाहतीपासून जवळच, कौलारू, पुढे अंगण, अंगणात पेरूचे झाड. घरात काकाजी, त्यांच्या पत्नी, मुलगा-सून आणि दोन नातवंडे. मुलगा एका राईस मिलमध्ये हिशेब लिहितो. नातू बावीस-तेवीस वर्षांचा. धाकटी नात नुकतीच नागपूरला नर्सिंगला लागलेली, सुट्टीला आलेली. माझ्यासमोर आल्या आल्या चकली, शंकरपाळे आणि अनारसे आले. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न आजींनी ओळखला.

"हे शेजारचं," त्या हसून म्हणाल्या. "दिवाळीत चार घरांतून येतं. नाताळात आमचं चार घरांना जातं. फराळाला आम्ही कधी नाही म्हणत नाही. पूजेचा प्रसाद आला तर हात जोडतो आणि सांगतो, बाई, राग मानू नका. चाळीस वर्षांत कुणी राग मानला नाही."

प्रश्न लहान दिसतो, पण तो फार जुना आहे. इसवी सनाच्या पन्नाशीत करिंथ नावाच्या ग्रीक बंदरात पहिल्या ख्रिस्ती मंडळीपुढे हाच प्रश्न पडला होता. गाव व्यापाराचे, देवळे शंभर, बाजारात मिळणारे मांस बहुधा कुठल्या ना कुठल्या देवापुढे वाहिलेले. ते खावे की न खावे? पौलाने आपल्या पत्रात त्यावर बराच विचार केला आहे. नुसत्या खाण्याने माणूस देवाच्या जवळही जात नाही आणि दूरही. पण आपल्या मोकळेपणामुळे एखाद्या दुबळ्या मनाच्या भावाला ठेच लागणार असेल तर जपून वागावे, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. आजींनी ते पत्र अनेकदा वाचले असणार. परंतु फराळ आणि प्रसाद यांत त्यांनी जी रेघ ओढली ती पुस्तकातून काढलेली नव्हती. ती चाळीस वर्षांच्या शेजारातून आली होती.

गोंदियात ख्रिस्ती घरे संख्येने थोडी. काही रेल्वेबरोबर आली, काही भंडाऱ्याच्या जुन्या स्कॉटिश मिशनच्या आधाराने वाढली, काही छत्तीसगडातून आली. आजींची आई भंडाऱ्याच्या मिशन दवाखान्यात कामाला होती. एवढ्या थोड्या लोकांनी एवढ्या मोठ्या गर्दीत आपले वेगळेपण राखायचे कसे? मी तोच प्रश्न मनात घेऊन आलो होतो. माझी कल्पना अशी की, ख्रिस्ती माणसाला इथे 'जग' म्हणजे शेजाऱ्यांचे सण, देवळे, मंडई हेच वाटत असावे. दोन दिवसांत काकाजींनी ती कल्पना पार बदलून टाकली.

शनिवारी आम्ही पॅसेंजरने दरेकशापर्यंत जाऊन आलो. गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा. आमगाव सोडल्यावर सपाट शेते संपत येतात आणि डोंगर जवळ येऊ लागतात. सालेकशाच्या पुढे हाजरा फॉलचे पाणी गाडीतून दिसते. दरेकशाच्या जवळच कचारगडच्या गुहा आहेत. माघी पौर्णिमेला लाखो गोंड बांधव तिथे आपल्या पूर्वजांच्या दर्शनाला येतात. बोगदा, जंगल, मग बोरतलाव आणि पुढे डोंगरगड, राजनांदगाव. पण ती स्टेशने छत्तीसगडात.

याच मार्गाने 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. वय एकतिशीचे. कवी, संस्कृतचे जाणते, एका जागी न टिकणारे. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. तो फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड. गोष्टी संस्कृत काव्यावरून धर्मावर आल्या. निरोप घेताना त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि सांगितले की, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भाकीत पोरकट वाटले. तरी पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी दिला आणि तो पाळला. वाचता वाचता ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले आणि तिथेच गुंतले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढची कथा 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे. सुमारे पाच वर्षांची ताटातूट, लक्ष्मीबाईंचे हाल, मग नगरला पुन्हा एकत्र संसार. आधी वेगळी चूल, वेगळे सोवळे. मग हळूहळू त्यांचे त्यांनाच कळत गेले की माणसामाणसांतला विटाळ देवाने केलेला नव्हे. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आपण ही कथा वाचतो ती धर्मांतराची कथा म्हणून. काकाजी तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहतात.

दरेकशाच्या फलाटावर आम्ही चहा घेत होतो. लूप लाइनवर एक मालगाडी मेलला वाट देत उभी होती. तिच्याकडे पाहत काकाजी म्हणाले, "सर, ख्रिस्ती होणं दोन वर्षांत होतं. राहणं मात्र आयुष्यभर चालतं. टिळकांनी मिशनची नोकरी धरली, पाळक झाले, नाव झालं. सगळं स्थिर झालं होतं ना? मग सतराव्या साली पगार का सोडला?"

मी वर्गातले उत्तर दिले. परकीय पैशावर उभा राहिलेला धर्म या मातीत रुजणार नाही असे त्यांना वाटले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांचा बंधुवर्ग त्यांना हवा होता, वगैरे.

"ते खरंच," काकाजी म्हणाले. "पण मी गार्डाच्या डोक्यानं विचार करतो. जग मागच्या डब्यातून चढत नाही, ते पुढच्या दारानं येतं. टिळकांना देवळाचा मोह होणार नव्हता. ते तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. त्यांना मोह होता तो बंगल्याचा, पगाराचा, साहेबाच्या शेजारच्या खुर्चीचा. ते दार त्यांनी ओळखलं. ज्याचं जग ज्या दारानं येतं, ते दार त्यानंच ओळखावं लागतं."

मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु तिथल्या भगिनींनी आखून दिलेल्या मतांच्या चौकटीत त्या बसल्या नाहीत. अन्न शाकाहारीच ठेवले, वेष आपलाच ठेवला आणि पत्रांतून वाद घालत आपल्या विवेकबुद्धीचा हक्क सांगितला. हिंदू समाज म्हणे, ही बाटली. तिकडच्या लोकांना वाटे, ही पुरती आपली होत नाही. दोन्हींकडचा रोष पत्करून ज्या ख्रिस्ताला त्यांनी मानले त्याच्याशी त्या एकनिष्ठ राहिल्या. निष्ठा म्हणजे एका गटातून उठून दुसऱ्या गटात जाऊन बसणे नव्हे, हे या दोघांच्याही आयुष्यात दिसते.

"तुमचं दार कोणतं होतं?" मी काकाजींना विचारले.

त्यांनी समोरच्या मालगाडीच्या शेवटच्या डब्याकडे बोट केले. "ते."

मग त्यांनी हकीकत सांगितली. गार्डाला रविवार नसतो. चौतीस वर्षांत निम्म्याहून अधिक रविवार त्यांचे गाडीवर गेले. ब्रेकव्हॅनमध्ये हातबत्ती, हिरवे-लाल निशाण, शिटी, फटाक्यांचा डबा आणि त्याच पेटीत नवा करार. गाडी अशी लूपवर टाकली की ते एक अध्याय वाचत. मंडळीतले काही जण कुजबुजत की, हा उपासना बुडवतो. पाळकांनी त्यांना कधी दोष दिला नाही. "रविवार ही माझी खरी परीक्षा नव्हतीच," काकाजी म्हणाले. "एकदा तांदळाच्या वॅगनचं सील तुटलेलं सापडलं. आत पोती कमी. मला सांगण्यात आलं की, सील शाबूत होतं असं लिहा. पुढच्या स्टेशनावर बघून घेऊ. सांगणारे वरचे होते. सगळ्यांचा वाटा ठरलेला होता, माझासुद्धा. मोठा मुलगा तेव्हा तापानं अंथरुणावर. पैशाची फार गरज होती."

"मग?"

"मी लिहिलं, सील तुटलेलं आहे."

एवढेच सांगून ते चहा पिऊ लागले. पुढचे मी आजींकडून ऐकले. दोन वर्षे बढती अडली. बदली दूर झाली. ज्यांच्याबरोबर रोज डबा खायचा त्यांनी बोलणे टाकले. त्यांत मंडळीतला एक माणूसही होता. "जग म्हणजे लोक नव्हेत," आजी म्हणाल्या. "शेजारीण लक्ष्मीपूजन करते. पण त्या महिन्यात तांदूळ तिनंच उसना दिला."

रविवारी मी त्यांच्याबरोबर उपासनेला गेलो. लहानसे देऊळ. होय, मराठी ख्रिस्ती लोक कित्येकदा 'देऊळ' असेच म्हणतात. त्या दिवशी हंगामाची उपकारस्तुती होती. वेदीपाशी नव्या धानाच्या पेंढ्या, भोपळे, वांगी, केळीचे घड, एका टोपलीत पाय बांधलेली कोंबडी. गीते मराठी आणि हिंदी, दोन्ही. काकाजींचा नातू ऑर्गनवर बसला होता. त्याची बोटे पाहत राहावे अशी होती. टिळकांचे एक अभंगवजा गीत त्याने धरले तेव्हा मागच्या बाकांवरच्या बायाही डोळे मिटून म्हणू लागल्या. मराठी ख्रिस्ती उपासनेतली कितीतरी गीते टिळकांची आहेत. इंग्रजी चालींच्या भाषांतरित गीतांच्या जागी त्यांनी अभंग आणले, कीर्तन आणले. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणाने मानीत.

पाळक तरुण होते. प्रवचन दहा-बारा मिनिटांचे. ते म्हणाले, "वरणात मीठ दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते वरणात हरवलं असं कुणी म्हणतं का? पण डबीतच राहिलेलं मीठ, भले पांढरंशुभ्र असो, कुणाच्या जेवणाला उपयोगी पडत नाही. विरघळायचंही आणि चवही सोडायची नाही, असं हे अवघड काम आहे." उपासनेनंतर आवारात त्या धान्या-भाज्यांचा लिलाव झाला. दोन भोपळ्यांवर चढाओढ होऊन भलतीच किंमत आली आणि सगळे हसले. पैसे गरिबांच्या निधीत गेले.

अवघड काम किती अवघड आहे ते दुपारी जेवताना दिसले. भाऊबीज झाली की या झाडीपट्टीत मंडई सुरू होते. गावोगाव दिवस ठरलेले. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. वडसा हे त्या नाटकांचे केंद्र. तिथल्या मंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रीमागून रात्री प्रयोग करतात, आणि हजारो लोक थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बघतात. झाडीपट्टीच्या नाटकाला ऑर्गनवाला चांगला लागतो. तो चुकला तर नट पडतो. वडशाच्या एका मंडळीने नातवाला पूर्ण हंगामासाठी बोलावले होते. बिदागी चांगली. बहिणीच्या नर्सिंगची दोन वर्षांची फी त्यातून सहज निघाली असती.

घरात दोन मते होती. सून म्हणाली, "रात्रभर नाटक, दारू, तमाशाचे नाच. तिथून आल्यावर तीच बोटं वेदीपाशी?" बापाचे म्हणणे, "गिरणीत मी काय वेगळ्या माणसांत बसतो? कलेचं काम आहे, चोरीचं नाही." आजी काही बोलत नव्हत्या. मुलगा खाली मान घालून भात कालवीत होता. बहीण म्हणाली, "माझ्या फीसाठी म्हणून जाऊ नको, दादा. जायचं तर तुला वाजवायचं आहे म्हणून जा."

काकाजींनी माझ्याकडे पाहिले. पाहुण्याने अशा वेळी गप्प बसावे. पण त्यांच्या नजरेत प्रश्न होता. मी एवढेच म्हणालो की, नाटक आणि कीर्तन ही लोकांची भाषा आहे, असे टिळक समजत. ती भाषा त्यांनी टाकली नाही.

"भाषा टाकू नये," काकाजी म्हणाले. "पण सर, ते त्या भाषेत काय बोलायचं हे स्वतः ठरवत होते. हा दुसऱ्याच्या नाटकात वाजवणार." मग ते नातवाकडे वळले. "बाबू, मी तुला जा म्हणत नाही, नको जाऊ म्हणत नाही. तुझं सील कोणतं ते तू सांग. ते तुटलं की घरी यायचं, एवढा शब्द दे."

मुलाने वर पाहिले. बराच वेळ गेला. "रविवारची सकाळ," तो म्हणाला. "आणि मी पिणार नाही. बाकी मला वाजवायचं आहे, आजोबा. फार वाजवायचं आहे."

हे उत्तर मला आजही विचारात पाडते. दारू न पिण्याचे समजते. पण रविवारची सकाळच का? काकाजींनी तर आयुष्यातले निम्मे रविवार गाडीवर काढले. मग माझ्या ध्यानात आले की नातवाने आजोबांचा नियम उचलला नव्हता, त्यांची रीत उचलली होती. गार्डाचे सील वॅगनवर होते. ऑर्गनवाल्याचे त्याच्या बोटांवर. ती बोटे आठवड्यातून एकदा कोणापुढे वाजतात, यावर बाकीचे सहा दिवस अवलंबून आहेत असे त्याला वाटले. हे दुसऱ्या कुणी त्याच्यासाठी ठरवून भागले नसते.

त्याच संध्याकाळी त्याने वडशाला फोन केला. शनिवारची रात्र वाजवणार नाही, कारण पहाटेपर्यंत प्रयोग चालला तर सकाळी गोंदियाला पोहोचता येत नाही. पलीकडून काय उत्तर आले ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसले. शनिवार हाच तर गर्दीचा प्रयोग! ज्या ऑर्गनवाल्याला शनिवार चालत नाही तो घेऊन करायचे काय? बोलणे तिथेच संपले. त्या रात्री घरात कुणी फारसे जेवले नाही. सुनेच्या मनासारखे झाले होते. पण मुलाच्या ताटात तीच पुन्हा पुन्हा वाढत होती. जिंकलेली माणसे अशी दिसत नाहीत.

निष्ठेच्या गोष्टी सांगताना आपण बहुधा शेवटी फळ देऊन टाकतो. सत्य बोलला आणि बढती मिळाली. नाही म्हणाला आणि दुप्पट देणारा भेटला. काकाजींना बढती उशिराच मिळाली, आणि बोलणे टाकलेले मित्र काही परत आले नाहीत. नातवाचे नंतर कळले ते असे : वडशाच्या मंडळीने दुसरा माणूस घेतला. याने अर्जुनी-मोरगावकडच्या गावांत सोमवार ते गुरुवार दंडारींना साथ केली. पैसे पुष्कळ कमी. बहिणीची फी भरायला बापाने पतसंस्थेतून कर्ज काढले आणि त्याचा हप्ता अजून चालू आहे. सून एकदा आमगावच्या मंडईला गेली, मागच्या बाजूला उभी राहिली आणि अर्धी रात्र ऐकून परत आली. घरी आल्यावर तिने एवढेच विचारले, "तुला थंडी वाजत नाही का रे तिथं?" आणि दुसऱ्या दिवशी स्वेटर विणायला घेतला.

आपण पुण्या-मुंबईची माणसे हे वाचून म्हणू, ख्रिस्ती लोकांचा हा घरगुती प्रश्न. आपला त्याच्याशी संबंध काय? परंतु दिवाळीच्या खरेदीत कच्ची पावती घेताना, मुलीच्या लग्नात 'आमची काही अपेक्षा नाही' असे म्हणून मग यादी ऐकताना, ओळखीने प्रवेश मिळवताना, आपल्याही हातात एक कागद असतोच आणि त्यावर सील शाबूत आहे असे लिहायला कुणीतरी सांगत असते. सांगणारे नेहमीच परके नसतात. पुष्कळदा आपल्याच मंडळीतले, आपल्याच जातीचे, आपल्याच घरातले असतात. म्हणूनच ते दार ओळखायला कठीण.

गोंदियाच्या त्या चार घरांनी मला वेगळे राहण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी शेजाऱ्याचा फराळ खाल्ला, मंडईची साथ केली, तीच बोली बोलली. जिथे थांबायचे तिथे मात्र थांबले. त्यासाठी जे द्यावे लागले ते दिले आणि त्याची जाहिरात केली नाही.

या डिसेंबरात नाताळाच्या आदल्या रविवारी नातू देवळात टिळकांची गीते बसवणार आहे. दंडारीतले दोन ढोलकीवाले साथीला येणार आहेत. ते ख्रिस्ती नाहीत. पाळकांनी परवानगी दिली आहे. काकाजींना विचारले तेव्हा ते म्हणाले, "वेळेवर सुरू झालं म्हणजे झालं."